जान्नी, पिएरिनो आणि आपला हजेरीपट

इटलीतील बार्बियाना नावाच्या डोंगरी वस्तीतील आठ मुलांनी मिळून लिहिलेले ‘लेत्तेरा आ ऊना प्रोफेस्सोरेस्सा’, म्हणजेच ‘एका शिक्षिकेस पत्र’, हे पुस्तक मे १९६७ मध्ये फ्लॉरेन्स येथे प्रसिद्ध झाले. १९७० साली त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले आणि ते देशोदेशींच्या शिक्षकांच्या हाती गेले. आपल्याकडेही शिक्षणाचा विचार करणाऱ्या मंडळींना ते अपरिचित नाही. तथापि ते एका धर्मगुरूच्या शाळेतून निर्माण झाले, त्यामागे एका धर्मग्रामाचा व एका पाळकाच्या आयुष्याचा इतिहास आहे, ही गोष्ट आपल्याच वर्तुळात फारशी ठाऊक नाही. धर्मशिक्षकांच्या मेळाव्यांतून मुलांची गळती, मुलांचा कंटाळा आणि मुलांची अनास्था यांवर आपण वर्षानुवर्षे बोलत आलो आहोत. त्या चर्चेच्या संदर्भात या पुस्तकाचे परीक्षण करावे, त्यातील ग्राह्य ते घ्यावे आणि त्याचे दोषही मोकळेपणाने दाखवावेत, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. या पुस्तकाने प्रस्तुत लेखकाला त्याची स्वतःची एक चूक दाखवून दिली. तिचाही उल्लेख पुढे येईल, कारण तिच्यावाचून हे परीक्षण अप्रामाणिक ठरेल.

धर्मगुरू आणि त्याची शाळा

फादर लोरेन्झो मिलानी यांचा जन्म २७ मे १९२३ रोजी फ्लॉरेन्समधील एका सधन, विद्याव्यासंगी, परंतु धर्माचरणापासून दूर असलेल्या कुटुंबात झाला. त्यांची आई ज्यू घराण्यातील होती, तर पणजोबा दोमेनिको कोंपारेत्ती हे नामांकित भाषाशास्त्रज्ञ होते. चित्रकलेचा अभ्यास करणारा हा तरुण १९४३ साली श्रद्धेकडे वळला आणि १९४७ साली त्याची गुरुदीक्षा झाली. सान दोनातो दि कालेन्झानो या कामगारवस्तीच्या धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू असताना त्यांनी तरुण कामगारांसाठी रात्रशाळा चालविली. साम्यवादी घरांतील तरुणांनाही तेथे यावेसे वाटावे, म्हणून त्यांनी वर्गाच्या भिंतीवरील क्रूस उतरवून ठेवला होता. या कृतीविषयी पुढे लिहावयाचे आहे.

डिसेंबर १९५४ मध्ये त्यांची नेमणूक बार्बियाना येथे झाली. मुजेल्लोच्या डोंगराळ प्रदेशातील या वस्तीला तेव्हा रस्ता नव्हता, वीज नव्हती आणि घरोघरी पाणीही नव्हते. ही नेमणूक म्हणजे एका परीने हद्दपारीच होती, असे त्यांचे चरित्रकार मानतात. मिलानी यांनी मात्र तेथे पोहोचताच गावच्या स्मशानभूमीत स्वतःच्या दफनासाठी जागा विकत घेतली. येथून बदलीची वाट पाहावयाची नाही, हे त्यांनी स्वतःशीच ठरवून टाकले होते. १९५६ साली प्राथमिक शाळा संपविलेल्या सहा मुलांना घेऊन त्यांनी चर्चलगतच्या घरात पुढील शिक्षणाची शाळा सुरू केली.

त्यांचे ख्रिस्तसभेशी असलेले नाते सरळ नव्हते. पाळकीय अनुभवांवरील त्यांचा ग्रंथ १९५८ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस रोमच्या आदेशाने तो विक्रीतून काढून घेण्यात आला. १९६५ साली विवेकबुद्धीला स्मरून लष्करी सेवा नाकारणाऱ्या तरुणांची बाजू घेतल्यामुळे त्यांच्यावर खटला भरला गेला. आजारपणामुळे न्यायालयात जाणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी न्यायाधीशांना एक दीर्घ पत्र लिहिले. शुभवर्तमाने, सॉक्रेटिसाचा बचाव आणि गांधीजींची आत्मकथा आपण मुलांबरोबर वाचली, असे त्या पत्रात त्यांनी नमूद केले आहे. फेब्रुवारी १९६६ मध्ये ते निर्दोष सुटले. २६ जून १९६७ रोजी, म्हणजे ‘पत्र’ प्रसिद्ध झाल्यावर महिनाभरातच, वयाच्या ४४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. बरोबर पन्नास वर्षांनी, २० जून २०१७ रोजी, पोप फ्रान्सिस बार्बियानाला गेले आणि त्यांनी या धर्मगुरूच्या कबरीपाशी प्रार्थना केली. ज्याला बाजूला सारले गेले होते त्याला आदर्श म्हणून पुढे आणावयास ख्रिस्तसभेला अर्धे शतक लागले, याची नोंद आपण विनम्रपणे घ्यावी.

पुस्तकाचे प्रतिपादन

बार्बियानाची दोन मुले शिक्षक होण्याची इच्छा धरून फ्लॉरेन्समधील शिक्षक-प्रशिक्षण विद्यालयाच्या परीक्षेस बसली आणि नापास झाली. त्यांना नापास करणाऱ्या शिक्षिकेस उद्देशून हे पत्र लिहिले आहे. परंतु ती शिक्षिका ही एक व्यक्ती नसून समग्र शालेय व्यवस्थेची प्रतिनिधी आहे. १९६२ च्या कायद्याने इटलीत सर्व मुलांसाठी एकच कनिष्ठ माध्यमिक शाळा अस्तित्वात आली. दार सर्वांना उघडले, पण आत घेतलेल्या मुलांना परीक्षेच्या चाळणीतून पुन्हा बाहेर टाकण्याचे काम चालूच राहिले, असा या मुलांचा मुख्य आरोप आहे. तो सिद्ध करण्यासाठी त्यांनी देशभरची आकडेवारी जमवून नापास झालेली मुले कोणाची, हे दाखविले आहे. ती बहुतांशी शेतकऱ्यांची व मजुरांची निघतात.

पुस्तकात दोन मुले वारंवार भेटतात. डॉक्टरचा मुलगा पिएरिनो शाळेची भाषा घरूनच शिकून येतो. शाळेत येण्यापूर्वीच तो वाचावयास शिकलेला असतो. शेतकऱ्याचा मुलगा जान्नी आपल्या घरची बोली घेऊन येतो, आणि शाळा ती बोली म्हणजे चूक समजते. दोघांना एकच प्रश्नपत्रिका मिळते आणि यालाच न्याय म्हटले जाते. असमान माणसांना समान वाटणी करण्याइतका दुसरा अन्याय नाही, हे या पुस्तकाचे मध्यवर्ती सूत्र आहे. जी शाळा मागे पडलेल्यांना काढून टाकते आणि हुशारांना सांभाळते, तिची तुलना ही मुले निरोग्यांवर उपचार करून रोग्यांना परत पाठविणाऱ्या इस्पितळाशी करतात. वैद्याची गरज कोणाला असते याविषयीचे प्रभूचे उद्गार ज्यांना पाठ आहेत, त्यांना ही तुलना नवी वाटू नये. पण ती आपल्याही वर्गाला लागू पडते, हे कदाचित नवे वाटेल.

यावर ती मुले तीन उपाय सुचवितात. कोणालाही नापास करू नये. जी मुले मंद वाटतात त्यांच्यासाठी पूर्णवेळ शाळा चालवावी. आणि जी आळशी वाटतात त्यांना शिकण्यासाठी काही ध्येय द्यावे. यांतील तिसरा उपाय आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष विचारार्ह आहे. गुण, बक्षीस आणि प्रमाणपत्र हे या मुलांच्या मते ध्येय नव्हेच. दुसऱ्याचे म्हणणे समजून घेता यावे आणि आपले म्हणणे दुसऱ्याला समजावून देता यावे, हे त्यांच्या शाळेने पुढे ठेवलेले निकटचे ध्येय होते. शब्दांवर प्रभुत्व आले की गरीब माणूस श्रीमंताच्या बरोबरीने उभा राहतो, ही मिलानी यांची दृढ श्रद्धा पुस्तकाच्या पानापानांतून जाणवते.

पद्धतीचे मर्म

आजकाल लवचिक आणि सर्वसमावेशक अध्यापन या शब्दांचा पुष्कळ बोलबाला आहे. ते ऐकताना अभ्यास सोपा करणे, शिस्त सैल करणे आणि मुलांना रिझविणे, असा काहीसा अर्थ आपल्या मनात येतो. बार्बियानाच्या शाळेत यांपैकी काहीच नव्हते. ती वर्षाचे ३६५ दिवस आणि दिवसाचे सुमारे १२ तास चाले. तेथे मधली सुट्टी नव्हती, खेळ नव्हते. बाके आणि फळाही नव्हता. मोठ्या टेबलांभोवती बसून मुले शिकत आणि तेथेच जेवीत. बहुतेक पुस्तकांची एकेकच प्रत असे, म्हणून एकजण वाची आणि बाकीचे त्याच्याभोवती गोळा होत.

मग ही शाळा लवचिक कशी? ज्याला समजले नाही त्याच्यासाठी धडा थांबत असे, आणि त्याला समजेपर्यंत इतर पुढे जात नसत. थोरली मुले धाकट्यांना शिकवीत. वर्तमानपत्रातील बातमी, गावातील करारपत्र, परगावाहून आलेला पाहुणा, यांपैकी कशावरूनही पाठ सुरू होई. उन्हाळ्यात थोरली मुले परदेशी मजुरीस जात आणि भाषा शिकून परत येत. ती मजुरीही शाळेचाच भाग मानली जाई. सारांश, वेळ, क्रम, साधने व शिक्षक या सर्व गोष्टी शिकणाऱ्याच्या सोयीने वाकविल्या जात; ध्येय मात्र कोणासाठीही खाली आणले जात नसे. आपल्याकडे बहुधा नेमके उलट घडते. वेळ, क्रम व पुस्तक पक्के असते; आणि जे मूल त्यात बसत नाही त्याच्यापुरते ध्येय आपण मुकाट्याने सोडून देतो.

हे पुस्तकही याच पद्धतीने लिहिले गेले. १९६३ साली मारिओ लोदी या शिक्षकाच्या विद्यार्थ्यांशी झालेल्या पत्रव्यवहारातून सामूहिक लेखनाची रीत बार्बियानात रुजली. प्रत्येकाने सुचेल तो विचार एका चिठ्ठीवर लिहावयाचा. सर्व चिठ्ठ्या टेबलावर मांडून एकसारख्या एकत्र करावयाच्या, त्यांचे गट पाडावयाचे आणि त्या गटांची प्रकरणे करावयाची. त्यानंतर अनावश्यक शब्द गाळावयाचे, आणि शेवटी कमी शिकलेल्या माणसांना बोलावून त्यांना काय समजत नाही ते विचारावयाचे. या रीतीत सर्वांत हुशार मुलाइतकेच सर्वांत मागे असलेल्या मुलाच्या चिठ्ठीला स्थान असते. प्रवचनाची टाचणे काढणाऱ्या आपल्यापैकी कितीजण ती टाचणे अशा एखाद्या अशिक्षित श्रोत्याला आधी वाचून दाखवितात?

शाळेच्या भिंतीवर इंग्रजीत ‘आय केअर’ असे लिहिलेले होते. मला त्याची आस्था आहे, असा त्याचा अर्थ. ‘मला काय त्याचे’ या अर्थाच्या फॅसिस्ट घोषणेला दिलेले ते उत्तर होते.

आपल्या वर्गातील जान्नी

येथे स्वानुभव सांगणे प्राप्त आहे. बारा वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक बेळगावच्या सीमाभागातील एका लहान धर्मग्रामात होता. तेथील मुले घरी कोंकणी, शाळेत कन्नड आणि चर्चमध्ये मराठी बोलत. म्हणजे धर्मशिक्षणाची भाषा त्यांतील अनेकांची तिसरी भाषा होती. पण प्रश्नोत्तरे मराठीत अक्षरशः पाठ म्हणून दाखविण्यावरच आमचा भर असे. त्या वर्षी दृढीकरण संस्काराच्या तयारीचे २४ वर्ग ठेवले होते, आणि किमान १८ वर्गांना हजर राहिल्याशिवाय नाव यादीत यावयाचे नाही असा नियम मीच केला होता.

गाळप हंगाम सुरू झाला तशा ऊसतोडीच्या टोळ्या आल्या. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील एक ख्रिस्ती कुटुंबही एका टोळीबरोबर आले आणि कारखान्याजवळच्या कोपीत राहू लागले. त्यांचा तेरा वर्षांचा मुलगा मधूनमधून रविवारच्या वर्गास येऊन मागे बसे. बहुधा कडेवर धाकटी बहीण असे, कारण आईवडील पहाटेच फडात गेलेले असत. रात्री गाड्या भरावयाच्या असल्या की दुसऱ्या दिवशी तो येत नसे. त्याला एकही उत्तर धड पाठ नव्हते.

एका रविवारी मी द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांचा दाखला सांगत होतो. अकराव्या घटकेस कामावर घेतलेल्या माणसांपर्यंत आलो, तेव्हा तो मुलगा प्रथमच बोलला. “फादर, सांजपत्तोर उभी राह्यलेली मान्सं कोन्या मुकादमाची?” मी म्हणालो, “कोणाचीच नाहीत.” त्यावर तो म्हणाला, “म्हंजी त्यांनी उचल घेतलेली नव्हती. उचल घेतली आसती तर त्यांला उभं राहू दिलं नसतं. मंग त्या रातीला त्यांच्या घरी चूल पेटली नसती.” वर्ग शांत झाला. ज्यांना सकाळीच काम मिळाले त्यांच्या घरची चूल निश्चित होती. ज्यांना कोणी बोलाविलेच नाही त्यांच्यासाठी मालक पुनःपुन्हा चौकात गेला, आणि त्याने त्यांची मजुरी कामावरून न ठरविता त्यांच्या भुकेवरून ठरविली, हा अर्थ त्या मुलाने मला दिला. सेमिनरीत या दाखल्यावर मी परीक्षा दिली होती. हा अर्थ मला तेथे गवसला नव्हता. मी त्याचे कौतुक केले आणि पुढच्या प्रश्नोत्तराकडे वळलो, कारण ते शिकविणे अजून राहिले होते.

हंगाम संपला. टोळी परतावयाच्या आदल्या दिवशी त्याचे वडील माझ्याकडे आले. गावाकडे बिशपमहाराज दृढीकरणासाठी येणार होते. मुलाने येथे शिक्षण घेतल्याची चिठ्ठी मिळाल्यास त्याचे काम होईल, असे त्यांचे म्हणणे होते. मी हजेरीपट काढला आणि कागदावर लिहिले: वर्ग २४, उपस्थिती ९, धर्मशिक्षण अपूर्ण. त्या गृहस्थांना वाचता येत नव्हते. त्यांनी कागद नीट घडी करून खिशात ठेवला, मला नमस्कार केला आणि ते निघून गेले.

पुढे दोन-तीन वर्षांनी बार्बियानाच्या मुलांचे पुस्तक वाचनात आले. त्यातील शिक्षिकेच्या जागी मला कोण दिसले, हे वेगळे सांगावयास नको.

नियम काय सांगतो

माझी कृती निदान नियमानुसार तरी होती, असे समाधान मी काही काळ मानून घेतले होते. तेही खरे नाही. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या विधिसंहितेतील कलम ८८९ प्रमाणे, समज आलेल्या व्यक्तीस दृढीकरण देण्यासाठी तिला योग्य शिक्षण मिळालेले असावे, तिची मनोवृत्ती योग्य असावी आणि बाप्तिस्म्याची वचने नव्याने देण्यास ती समर्थ असावी, एवढीच अपेक्षा आहे. कलम ८८५ प्रमाणे, योग्य रीतीने मागणाऱ्यांना हा संस्कार मिळेल हे पाहण्याचे बंधन बिशपांवर आहे. कलम ८४३ प्रमाणे, उचित वेळी, योग्य मनोवृत्तीने आणि विधीची आडकाठी नसताना संस्कार मागणाऱ्यास तो नाकारण्याचा अधिकार सेवकास नाही. हजेरीच्या टक्केवारीचा यांत कोठेही उल्लेख नाही. ‘योग्य शिक्षण’ हे शब्द मूल किती वेळा आले यापेक्षा ते काय घेऊन गेले, याकडे निर्देश करतात. दाखल्याचा तसा अर्थ सांगणाऱ्या मुलाचे शिक्षण अपूर्ण होते, असे आज मला म्हणवत नाही.

अपंग व्यक्तींनाही त्यांच्या स्थितीस झेपेल तसे धर्मशिक्षण मिळावे, ही पाळकाची जबाबदारी म्हणून कलम ७७७ मध्ये नमूद आहे. २०२० च्या धर्मशिक्षणविषयक निर्देशिकेत अपंग तसेच स्थलांतरित व्यक्तींचा स्वतंत्र विचार केलेला आहे. तेव्हा शिकणाऱ्याच्या परिस्थितीप्रमाणे शिकविण्याची रीत बदलणे ही ख्रिस्तसभेने दिलेली सवलत नसून तिने घातलेले बंधन आहे. नियमाच्या नावाखाली आपणच नियमापेक्षा कडक होतो, आणि त्याची झळ पिएरिनोला नव्हे, जान्नीला लागते.

पुस्तकाचे दोष

इतके मान्य करूनही या पुस्तकापुढे डोळे मिटून मान तुकविणे योग्य होणार नाही. त्याचा पहिला दोष त्याच्या रचनेतच आहे. आठजण आरोप करतात आणि आरोपी मात्र अखेरपर्यंत गप्प राहते. त्या शिक्षिकेचा वर्ग केवढा होता, तिच्यावर कोणाची सक्ती होती, तिने कोणासाठी काय केले, हे आपल्याला कळत नाही. आपले बहुतेक धर्मशिक्षक विनावेतन काम करणारे प्रापंचिक स्त्री-पुरुष किंवा आठवडाभर शाळेत राबून रविवारी पुन्हा वर्ग घेणाऱ्या व्रतस्थ भगिनी आहेत. मिस्सेनंतरच्या पाऊण तासात चाळीस मुलांना सांभाळणाऱ्या भगिनीपुढे हे पुस्तक आरोपपत्रासारखे ठेवणे म्हणजे एक अन्याय झाकण्यासाठी दुसरा करणे होय. नियम करणारा मी होतो. हजेरी घेणाऱ्या धर्मशिक्षिकेने तर त्या मुलाला यादीत घ्यावे असे सुचविले होते.

दुसरा दोष, शाळेचे कठोरपण. वर्षभर अखंड चालणाऱ्या, खेळाला जागा नसलेल्या आणि प्रसंगी मारही वर्ज्य न मानणाऱ्या शाळेची पुनरावृत्ती कोणी करू नये. गरीब मुलांना खेळ परवडत नाही, हे वर्णन म्हणून खरे असेल. आदर्श म्हणून ते स्वीकारता येत नाही.

तिसरा दोष पुस्तक स्वतःच कबूल करते. आरंभी या शाळेत शेजारच्या भागांतून मुली येत नव्हत्या. स्त्रीला बुद्धीची गरज नाही, ही आईबापांची समजूत त्यामागे असावी, असे मुलांनी लिहिले आहे आणि तिला वंशद्वेषाच्या पंक्तीस बसविले आहे. कबुली प्रामाणिक आहे. पण सर्वांना सामावून घेणाऱ्या शाळेतही कोणीतरी बाहेर राहतेच, हे तिच्यावरून शिकावे. आपल्या वर्गात कडेवर भावंड घेऊन येणारा मुलगा निदान येत तरी होता. त्याच टोळीतील त्याच्या वयाच्या मुली स्वयंपाकासाठी कोपीतच राहत. त्यांची नावे माझ्या हजेरीपटावर कधी चढलीच नाहीत.

चौथा मुद्दा वर्गातून उतरविलेल्या क्रूसाचा. याविषयी आपल्यात मतभेद होतील. ज्या शाळेत नाना मतांचे तरुण एकत्र यावेत अशी इच्छा होती, तेथे मिलानी यांनी तसे करण्यामागील तळमळ समजण्यासारखी आहे. दारातूनच कोणी परत जाऊ नये, एवढाच त्यांचा हेतू होता. परंतु धर्मशिक्षणाच्या वर्गास हा मार्ग लागू पडत नाही. आपल्या वर्गात मुलांना अडविणारा क्रूस नव्हेच. अडवितात ते आपण क्रूसाखाली मांडलेले नियम. बार्बियानाच्या मुलांपुढील ध्येय अन्यायाविरुद्ध शब्दाचे सामर्थ्य मिळविणे हे होते. आपले ध्येय त्याला वगळत नाही, पण तेथे थांबतही नाही. श्रद्धा ही अखेर कृपेची देणगी असल्यामुळे ती कोणाला किती उमगली, याचे माप शिक्षकाच्या हाती पूर्णपणे कधीच येत नाही. हा विचार पुस्तकात नाही. तो लक्षात घेतला तर कोणालाही ‘अपूर्ण’ ठरविताना आपला हात अधिकच थबकावा.

पाचवी गोष्ट, ती शाळा सर्वस्वी एका माणसावर उभी होती. तो गेल्यावर ती तशी टिकली नाही. एखाद्या असामान्य धर्मगुरूची वाट पाहण्यापेक्षा सामान्य धर्मग्रामात झेपेल तेवढे उचलणे बरे.

काय उचलावे

झेपेल असे पुष्कळ आहे. ज्या धर्मग्रामात हंगामी मजूर येतात, तेथे वर्गाचे वेळापत्रक जूनपासून न मोजता त्या कुटुंबांच्या मुक्कामाप्रमाणे आखता येते. रविवारी सकाळी शक्य नसेल तर सायंकाळी, वस्तीवर जाऊन. एका धर्मग्रामात झालेल्या तयारीची नोंद पुढच्या धर्मग्रामाकडे पाठविता येते. किती वर्ग बुडाले हे लिहिण्याऐवजी काय शिकून झाले आणि काय राहिले, एवढे त्यात लिहावे. ज्यांचे दृढीकरण झाले आहे अशा थोरल्या मुलांकडे एकेक धाकटे मूल सोपविता येते. प्रश्नोत्तरे पाठ करावयाची असतील तर अवश्य करावीत, पण तीच गोष्ट मुलाला आधी आपल्या घरच्या बोलीत सांगू द्यावी. अक्षरओळख नसलेल्या मुलास चित्रावरून किंवा तोंडी उत्तर देऊ द्यावे. आणि बार्बियानाप्रमाणे चिठ्ठ्यांचा एक वर्ग घ्यावा: येत्या रविवारचे शुभवर्तमान वाचून प्रत्येकाने एकेक विचार सांगावा, ज्याला लिहिता येत नाही त्याचा शेजाऱ्याने लिहून घ्यावा, आणि प्रवचन करणाऱ्याने त्या चिठ्ठ्या वेदीकडे जाण्यापूर्वी वाचाव्यात. असे वर्ग आमच्या येथे गेली काही वर्षे होत आहेत. मुले रिझतात म्हणून येतात असे मी म्हणणार नाही. आपली चिठ्ठी वाचली जाते, हे त्यांना ठाऊक असते म्हणून येतात.

मुलांत आवड कशी निर्माण करावी, असा प्रश्न आपण एकमेकांना विचारतो आणि सहल, स्पर्धा व बक्षिसे यांत उत्तर शोधतो. या पुस्तकाने त्या प्रश्नाची जागा बदलली, ही त्याची खरी थोरवी. मूल वर्गापासून दूर गेले तर त्याला आवड नव्हती असे म्हणण्यापूर्वी, त्याच्याजवळ जे होते ते आपण मागितले होते का, हे पाहावे. त्या मुलाजवळ द्राक्षमळ्याचा अर्थ होता; आम्ही त्याच्याकडे हजेरी मागितली.

मृत्यूपूर्वी आपल्या विद्यार्थ्यांना लिहिलेल्या पत्रात मिलानी यांनी कबुली दिली की, देवापेक्षाही तुमच्यावर मी अधिक प्रेम केले. पण देव अशा बारकाव्यांत शिरत नसेल आणि हे सारे त्याने आपल्याच खात्यावर लिहून घेतले असेल, अशी मला आशा आहे. ईशज्ञानाच्या परीक्षेत हे उत्तर बरोबर धरले जाणार नाही. न्यायाच्या दिवशी मात्र ते पुरेसे ठरेल, असे मला वाटते.

त्या मुलाची आणि माझी पुन्हा भेट झाली नाही. गतवर्षी गाळप हंगाम सुरू होताच आमचे धर्मशिक्षक व मी कारखान्यालगतच्या कोप्यांवर गेलो. एका नव्या वहीत नावे लिहिली; मुलींची आधी लिहिली. त्या वहीत हजेरीचे रकाने आखलेले नाहीत. प्रत्येक नावापुढे मोकळी जागा सोडली आहे, आणि ते मूल जे सांगेल ते तेथे लिहावयाचे, असे आम्ही ठरविले आहे.